सेकंडहँड ऑटोमॅटिक घेऊन बारा दिवस झाले, ‘डी’त टाकल्यावर दणका बसतो. बडोद्यात कोणाला दाखवू?

सुरसागर_काठ · १९ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात राहते, शाळेत शिकवते. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीत क्लच दाबणं जमेना, संध्याकाळी गुडघा सुजायचा. म्हणून जुनी गाडी देऊन ७ जूनला एका डीलरकडून सेकंडहँड ऑटोमॅटिक सेडान घेतली. पेट्रोल, नोव्हेंबर २०१९ची, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर, मीटरवर ४३ हजार किलोमीटर, पहिला मालक. ६ लाख ४० हजार दिले. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे आहेत, त्यामुळे झोप उडाली आहे.

त्रास असा. सकाळी गाडी थंड असताना ‘पी’तून (पार्क) ‘डी’त (ड्राइव्ह) टाकलं की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धप्प करून दणका बसतो आणि गाडी पुढे सरकते. वीस मिनिटं चालवल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडतं. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा अठराशेवरून तीन हजारांवर जातो आणि वेग तेवढाच राहतो. हायवेला सत्तरच्या आसपास सगळी गाडी थरथरते, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी. अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की थरथर थांबते.

डीलर म्हणतो, “बेन, ऑटोमॅटिक छे, थोडो झटको तो मारे.” सॉफ्टवेअर रिसेट केलं की बसेल म्हणे. त्याचे अडीच हजार वेगळे. करू का?

निझामपुरा_७ · १९ जून, रात्री १०.०५

ताई, अडीच हजार देऊ नका. माझी पाच वर्षं जुनी ऑटोमॅटिक आहे, एकदाही झटका मारलेला नाही.

राजवाडा_इंदूर · १९ जून, रात्री ११.२०

माझ्या एएमटीला अगदी असंच होत होतं. गिअर बदलताना डोकं पुढे जायचं, एक-दोनदा तर भर चौकात न्यूट्रलला येऊन थांबली. शेवटी बॅटरी निघाली, चार वर्षांची झाली होती. बॅटरी बदलली, क्लचचं लर्निंग (कॉम्प्युटरला क्लच नव्याने ओळखायला लावणं) करून घेतलं आणि गाडी लोण्यासारखी झाली. तेव्हा रिसेट करून बघायला काय हरकत आहे? आधी बॅटरी मात्र तपासा.

मकरपुरा_जुना · २० जून, सकाळी ६.५०

सुप्रभात. मकरपुरा जीआयडीसीत पंचवीस वर्षं गिअरबॉक्सचंच काम केलं, आता मुलगा बघतो. ताई, सविस्तर लिहितो, कारण तुमची लक्षणं मला आवडलेली नाहीत.

इंदूरकर भाऊंचं बॅटरीचं म्हणणं खरं आहे, पण त्यांची आणि ताईंची गाडी आतून दोन निराळ्या जातीच्या आहेत. एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच कोरडी क्लच प्लेट. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या पायाहाताऐवजी विजेवर चालणारा यांत्रिक हात, म्हणजे अॅक्चुएटर असतो. व्होल्टेज पडलं की तो अडखळतो. ताईंच्या गाडीत क्लच पेडलही नाही आणि तशी प्लेटही नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर आहे. आत ग्रहमालेसारखी फिरणारी गिअरची चक्रं आणि क्लचच्या पातळ चकत्यांचे गठ्ठे आहेत. कोणता गठ्ठा आवळायचा ते तेलाचा दाब ठरवतो. तेलच ताकद पोचवतं, तेलच गिअर बदलतं आणि तेलच थंडावा देतं. म्हणून या बॉक्समध्ये काही बिघडलं की पहिला प्रश्न तेलाचा.

आता लक्षणं घ्या. ‘डी’त टाकल्यावर उशीर म्हणजे दाब तयार व्हायला वेळ लागतोय. काटा चढतो पण वेग चढत नाही म्हणजे चकत्या घसरतायत. सत्तरला थरथर म्हणजे बहुधा लॉकअप. हायवेला पेट्रोल वाचावं म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक क्लच असतो, तो इंजिन आणि बॉक्स थेट जोडतो. तेलाचा गुण गेला की तो धड पकडतही नाही, धड सोडतही नाही, आणि ती थरथर अंगाला जाणवते. याची परीक्षा सोपी आहे: थरथर सुरू असताना दुसऱ्या कोणी ब्रेकला नुसता हलका स्पर्श करावा, दिवा लागेल एवढाच. लॉकअप सुटतो आणि थरथर तिथल्या तिथे थांबते. ताई, हे तुम्ही करू नका, गुडघा सांभाळा. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे बघून घरातल्या दुसऱ्या कोणाला करू दे.

रिसेटबद्दल सांगतो. रिसेटने कॉम्प्युटर शिकलेलं विसरतो. घसरणाऱ्या चकत्या धरायला तो दाब वाढवून सांभाळत असतो, ते सांभाळणंही विसरतो. आठवडाभर बरं वाटेल, मग आणखी वाईट. शिवाय मेमरीतले बिघाडाचे कोड पुसले जातील आणि तेच तर आपल्याला वाचायचे आहेत. रिसेट करू नका, कोणाला करू देऊ नका.

एक विचारतो. टेस्ट ड्राइव्ह घेतलीत तेव्हा गाडी थंड होती की गरम?

सुरसागर_काठ · २० जून, दुपारी ३.१०

काका, मनापासून आभार. गरम होती. दुपारी चारला बोलावलं होतं आणि मी पोचले तेव्हा गाडी सुरूच करून ठेवली होती, एसी लावून. उन्हाळा आहे, माझी सोय बघतायत असं वाटलं.

ब्रेकची परीक्षा आज भाच्याने केली. वाघोडिया रोडच्या पुढे रस्ता मोकळा होता. स्पर्श केला की थरथर थांबते, सोडला की चार-पाच सेकंदांत परत येते. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

मकरपुरा_जुना · २० जून, दुपारी ४.००

म्हणजे लॉकअपच. आता पुढचं, याच क्रमाने करा आणि कोणालाही घाईने बॉक्स खोलू देऊ नका.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास असावी. इंजिन सुरू केल्यावर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा. इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, बघून घ्या. रबर फाटलं असेल तरी ‘डी’त टाकताना दणका बसतो आणि लोक उगाच बॉक्सला दोष देतात. मग स्कॅनर लावून कोड वाचायचे आणि छापून घ्यायचे. आणि शेवटी तेल.

तुमच्या गाडीला बहुतेक ऑइलची काडी नसेल. नवीन बॉक्समध्ये खाली एक बोल्ट असतो, त्यातून पातळी बघतात. गाडी सपाट जागेवर उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, लिव्हर पी-आर-एन-डी सगळीकडे दोन-दोन सेकंद फिरवून परत पीला आणायचा. कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तेल आलं की बोल्ट उघडायचा, तेल बारीक धारेने यायला हवं. हे तापमान स्कॅनरवर दिसतं. स्कॅनर न लावता पातळी बघणाऱ्याकडे गाडी देऊ नका. सोमवारी माझ्या मुलाच्या गॅरेजवर या. बघायचे पैसे घेणार नाही.

अकोटा_पूल · २० जून, संध्याकाळी ७.३०

काका, एक भीती वाटते, बोलू का? ताई, गाडी बडोद्याचीच आहे का? जीजे ०६?

सुरसागर_काठ · २० जून, संध्याकाळी ७.५०

हो, जीजे ०६. का हो?

अकोटा_पूल · २० जून, रात्री ८.४५

आमची गाडी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात गेली म्हणून विचारलं. गोकुळाष्टमीच्या दिवसापासून पाऊस धो धो सुरू होता, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांची फक्त छपरं दिसत होती. पाणी उतरल्यावर अख्खा रस्ता क्रेनने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांनी भरला होता. आमच्या गाडीचं इन्शुरन्सने टोटल लॉस केलं. पण शेजारच्या दोघांच्या गाड्या दुरुस्त होऊन परत आल्या, आणि त्यांनी महिन्या-दोन महिन्यांत विकूनही टाकल्या. त्या कुठेतरी गेल्याच असतील ना. मला रोज तोच विचार येतो की त्या कोणाच्या दारात उभ्या असतील.

पुढच्या सीटचे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. धुणारे लोक सीट धुतात, गालिचे बदलतात, पण बेल्टचा गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कोणी धुवत नाही. सीटखालचे रूळ, डिकीत स्टेपनीचा खड्डा, फ्यूजच्या डब्याचे कोपरेही बघा.

सुरसागर_काठ · २१ जून, सकाळी ७.१५

रात्रीच खाली गेले, मोबाइलचा दिवा लावून. ड्रायव्हरच्या बेल्टला काही नाही, तो नवा दिसतो. शेजारच्या सीटचा बेल्ट ओढत गेले. काळा, काळा, काळा, आणि अगदी शेवटी वीतभर पट्टा मातकट. हाताला खरखरीत लागतो. कापडाच्या विणीत बारीक गाळ बसलाय, नखाने खरवडला तर पिवळसर भुकटी बोटावर आली. वास घेतला. पूर उतरल्यावर आमच्या गल्लीला आठवडाभर जो वास होता, तोच.

सीटखालच्या चारपैकी दोन बोल्टांवर गंज आहे, दोन चकचकीत नवे. मी गाडीतच बसून राहिले बराच वेळ.

निझामपुरा_७ · २१ जून, सकाळी ७.४०

अरेरे. ताई, धीर सोडू नका, हे वेळेत कळलं.

मकरपुरा_जुना · २१ जून, सकाळी ८.०५

अकोटाकर, तुम्ही योग्य जागी बोट ठेवलंत. ताई, आता गाडी चालवूच नका. सोमवारी येताना टोइंग करावं लागेल. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून फ्लॅटबेडवर चढवायची किंवा पुढची चाकं उचलूनच ओढायची. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने आतला पंप फिरत नाही, तेल पोचत नाही आणि उरलेला बॉक्सही जळतो.

कायद्याची_वही · २१ जून, सकाळी १०.३०

मी वकील आहे, ग्राहकांचीच प्रकरणं जास्त करते. ताई, आज २१ तारीख आहे, एक काम आजच करा. विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्ज दिला आहे का? मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. हे परत करण्याच्या भांडणाशी संबंधित नाही, पण तोवर तुम्ही उघड्यावर राहू नये.

आणि विम्याची जी प्रत हातात आहे, तिच्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती लिहिलाय ते बघून सांगा.

सुरसागर_काठ · २१ जून, दुपारी १२.२०

अर्ज आत्ताच ऑनलाइन केला, पावती आली. बोनसच्या रकान्यात ०% आहे.

कायद्याची_वही · २१ जून, दुपारी १२.५०

नोव्हेंबर २०१९ची गाडी. दर वर्षी क्लेम नसेल तर २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा बोनस चढतो. नोव्हेंबर २०२४ च्या नूतनीकरणाला ५० असायला हवा होता. शून्य होण्याची दोन कारणं संभवतात: एक तर मागच्या वर्षात क्लेम घेतला, नाहीतर पॉलिसी संपून नव्वद दिवसांहून जास्त खंड पडला. त्याआधीच्या वर्षाची पॉलिसी कुठे मिळेल का? ग्लव्ह बॉक्समध्ये, सर्व्हिसच्या फाइलमध्ये, कुठेही.

सुरसागर_काठ · २१ जून, संध्याकाळी ६.००

मिळाली! मॅन्युअलच्या प्लास्टिकच्या खिशात, घडी करून. नोव्हेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४. बोनस ४५%. आणि नवी पॉलिसी जुनी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून, खंड नाही.

कायद्याची_वही · २१ जून, संध्याकाळी ६.२५

म्हणजे त्या वर्षात क्लेम झालाय. तो पुराचाच, असं नुसत्या यावरून म्हणता येणार नाही, साध्या धडकेचाही असू शकतो. पण बेल्ट आणि हे एकत्र ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. आता आरसी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि चॅसिस नंबरवरून कामाचा इतिहास मागा. मालक म्हणून तुम्हाला मागता येतो. आणि काका, तेल काढाल तेव्हा व्हिडिओ काढा, नमुना सीलबंद ठेवा.

धागा_संयोजक · २१ जून, रात्री ९.००

सर्वांना विनंती: डीलरचं नाव, गाडीचा नंबर, आधीच्या मालकाचा तपशील इथे लिहू नये. प्रकरण चालू आहे. बाकी चर्चा जरूर चालू ठेवा, फार उपयोगी होते आहे.

सुरसागर_काठ · २३ जून, रात्री ९.१५

आज मकरपुऱ्याला गेले होते. सगळं क्रमाने लिहिते.

बॅटरी १२.५, ठीक. माउंट ठीक. स्कॅनरवर दोन कोड आले, पी ०७०० आणि पी ०७४१. काकांनी सांगितलं, पहिला म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची नुसती हाक, दुसरा लॉकअप क्लचचा. दोन्ही छापून घेतले, तारीख-वेळेसकट.

मग गाडी वर उचलली. काकांच्या मुलाने खालचा बोल्ट सैल केला आणि पारदर्शक बाटली धरली. हे तेल लाल असतं असं काकांनी आधी दाखवून ठेवलं होतं, नव्या डब्यातलं, डाळिंबाच्या रसासारखं स्वच्छ. माझ्या गाडीतून आलं ते दुधात गुलाबाचं सरबत घातल्यासारखं. गुलाबी, गढूळ, वर फेस. बाटली उजेडाकडे धरली तर पलीकडचं बोटही दिसत नव्हतं.

काका म्हणाले, घाई नको, आधी रेडिएटर बघू. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून जातं, तो फुटला तर कूलंट तेलात मिसळतं आणि रंग असाच होतो. कूलंटची टाकी उघडली. पातळी बरोबर, हिरवं स्वच्छ, तेलाचा तवंग नाही. म्हणजे पाणी बाहेरून आलेलं.

मग त्यांनी लोखंडाची एक पट्टी गॅसवर तापवली, ज्योत बंद केली आणि ड्रॉपरने नव्या तेलाचा एक थेंब टाकला. नुसता धूर. माझ्या तेलाचा थेंब टाकला आणि फोडणीत मोहरी पडावी तसं तडतडलं. तीनदा. भाच्याने व्हिडिओ काढला. मी नुसती बघत उभी होते. ६ लाख ४० हजार त्या पट्टीवर तडतडत होते.

मकरपुरा_जुना · २३ जून, रात्री १०.००

ताई घरी गेल्यावर मलाही चैन पडेना, म्हणून आतलं सांगतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

गिअरबॉक्स हवाबंद नसतो. गरम झाल्यावर आतली हवा बाहेर जावी म्हणून वर एक छोटा श्वासमार्ग असतो, ब्रीदर. गाडी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली की तिथून पाणी आत शिरतं. इंजिनात पाणी गेलं की लोक लगेच ऑइल बदलतात, कारण इंजिन सुरूच होत नाही. गिअरबॉक्स मात्र चालत राहतो. त्यामुळे त्याचं तेल बदलायचं राहून जातं.

चकत्यांवरचं अस्तर कागदासारख्या पदार्थाचं असतं आणि स्टीलवर चिकटवलेलं असतं. तेलात ते वर्षानुवर्षं टिकतं. पाणी लागलं की फुगतं आणि डिंक सुटतो. पुरानंतरच्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे असे बॉक्स येत होते. एकातली चकती मी हातात घेतली आणि अस्तर नखाने सोलून आलं, भिजलेल्या पाकिटावरचं तिकीट निघावं तसं. खालचं स्टील मोकळं. ती गाडीही वरून लखलखीत होती.

राजवाडा_इंदूर · २३ जून, रात्री १०.४०

काका, रिसेटचा सल्ला मी दिला तो चुकीचा होता, मागे घेतो. एक विचारायचं आहे. तेल दोन-तीनदा बदलून धुऊन काढलं तर वाचणार नाही का? खोलून बांधायचा खर्च मोठा असतो.

मकरपुरा_जुना · २४ जून, सकाळी ६.४०

प्रश्न चांगला विचारलात. बोल्ट उघडल्यावर सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. धरा एकूण सात लिटर मावतं आणि एका वेळी तीन लिटर निघतं. पहिल्यांदा बदलल्यावर जुनं ५७ टक्के उरलं, दुसऱ्यांदा ३३, तिसऱ्यांदा १९. नुसतं म्हातारं झालेलं तेल असेल तर हा उपाय उत्तम, मी स्वतः तोच करतो. ‘लाइफटाइम ऑइल, कधीच बदलायचं नाही’ असं ऐकवणारे भेटतील. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला म्हणते, आणि आपल्याकडची गर्मी-गर्दी बघता मी त्याच्याही आधी बदलतो.

पण पाणी एकदा अस्तरात मुरलं की तेल बदलून ते फुगलेलं अस्तर परत बसत नाही. सोलेनॉइड (तेलाची वाट उघडझाप करणारे विजेचे व्हॉल्व्ह) आणि आतल्या वायरिंगला गंज लागतो तो वेगळाच. म्हणून ताईंच्या गाडीला एकच उपाय आहे: पूर्ण खोलणं, सगळ्या चकत्या, सील, कन्व्हर्टर. माझ्याकडे केला तरी लाखाच्या वर जाईल. काम माझ्या मुलाला मिळेल, तरी सांगतो, करू नका. बॉक्स नवा होईल, पण डॅशबोर्डमागे जे शंभर कनेक्टर भिजले ते पुढची तीन वर्षं एकेक करून बोलतील. गाडी परत करा. आणि वकीलताई म्हणतील तोवर मी बॉक्सला हात लावणार नाही.

कायद्याची_वही · २४ जून, सकाळी ११.००

अगदी बरोबर, खोलू नका. ग्राहक आयोगाला वाटलं तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते. खोललेला बॉक्स पुरावा म्हणून दुबळा होतो.

ताई, तुमची बाजू भक्कम आहे. खाजगी माणसाकडून घेतली असती तर ग्राहक कायदा लागला नसता, दिवाणी दावा करावा लागला असता. तुम्ही डीलरकडून घेतलीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुमचा व्यवहार पाच ते दहा लाखांमधला, म्हणून फी फक्त २०० रुपये. ‘जशी आहे तशी’ असं पावतीवर लिहिलं असलं तरी माहीत असलेला दोष लपवून विकायची ती परवानगी नव्हे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार आजच नोंदवा, अनेक डीलर तिथेच नरमतात. त्यांनी ‘गाडी एकदम क्लीन, पाण्यात गेलेली नाही’ असं कुठे लिहून दिलंय का?

सुरसागर_काठ · २४ जून, दुपारी २.३०

व्हॉट्सअॅपवर आहे! मी विचारलं होतं, “पाण्यातली नाही ना?” उत्तर आलं होतं, “ना बेन, गॅरंटी.” त्यापुढे हात जोडल्याचं चित्र.

सर्व्हिस सेंटरचा इतिहासही आला. सप्टेंबर २०२४ मध्ये एक मोठं बिल: गालिचे काढणे, सीट वाळवणे, इंजिन ऑइल दोनदा, फिल्टर, स्टार्टर मोटर, ड्रायव्हरचा बेल्ट. गिअरबॉक्सचं तेल कुठेच नाही.

कायद्याची_वही · २४ जून, दुपारी २.५०

तो मेसेज पुसू नका आणि फोनही बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं ते आपण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जोडू. नोटिशीचा मसुदा रात्री पाठवते. पोचपावतीसह पोस्टाने, १५ दिवसांची मुदत देऊन.

अकोटा_पूल · ३ जुलै

ताई, काही हालचाल?

सुरसागर_काठ · ११ जुलै, रात्री ८.३०

उशीर झाला, क्षमा करा. शाळा, आणि डीलरकडच्या चकरा, भाच्याच्या स्कूटरच्या मागे बसून.

नोटीस मिळाल्यावर आधी आवाज चढला, मग ३० हजार देतो म्हणाले, मग ५० हजार. मी तेलाची बाटली घेऊन गेले होते. पंधरा दिवसांत ती दोन थरांत फाकली होती, खाली पाणी, वर तेल. टेबलावर ठेवली आणि म्हटलं, माझं म्हणणं एवढंच आहे. तिथे गाडी बघायला आलेलं एक जोडपं होतं, ते उठून बाटली बघायला आले. त्यानंतर मला आतल्या खोलीत नेलं.

काल लेखी झालं. ६ लाख १५ हजार परत, आरटीजीएसने, आज खात्यात जमा झाले. पंचवीस हजार ‘वापराचे’ म्हणून कापले. वकीलताई म्हणाल्या लढलो तर तेही मिळतील, पण वर्ष जाईल. मी सोडले. मला पुन्हा त्या दुकानात जायचं नव्हतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर परत सह्या झाल्या. करारात वकीलताईंनी एक ओळ घालायला लावली: ही गाडी पुढे विकताना ती पुरात गेली होती हे घेणाऱ्याला लेखी सांगितलं जाईल. त्या एका ओळीवर ते सगळ्यात जास्त वेळ अडून बसले. मी म्हटलं, ती ओळ नसेल तर सहीच करत नाही. माझ्यासारखीच कोणीतरी साठवलेले पैसे घेऊन उद्या तिथे येईल.

काका, अकोटाकर, वकीलताई, तुमच्यापैकी कोणालाच मी आधी भेटले नव्हते. काय लिहू.

अकोटा_पूल · ११ जुलै, रात्री ९.००

ताई, त्या ओळीसाठी अडून बसलात, त्याबद्दल माझ्याकडून नमस्कार. आमच्या शेजाऱ्यांच्या त्या दोन गाड्या माझ्या डोक्यातून जात नव्हत्या.

निझामपुरा_७ · ११ जुलै, रात्री ९.१०

आता शाळेत कशा जाता?

सुरसागर_काठ · ११ जुलै, रात्री ९.४०

रिक्षाने. गाडी हवीच आहे. शाळेतल्या एका बाई त्यांची सीव्हीटी हॅचबॅक विकतायत, २०२१ची, २८ हजार किलोमीटर. कारेलीबागेत राहतात. पुराच्या वेळी गाडी पुण्यात मुलीकडे होती म्हणतात, तिथल्या टोलच्या नोंदी फास्टॅगवर दाखवल्या. काका, सीव्हीटी घ्यावी का? आणि खाजगी व्यवहार आहे, मग ग्राहक आयोग नाही, हेही आता कळलंय.

मकरपुरा_जुना · १२ जुलै, सकाळी ६.३०

सीव्हीटी वाईट नसते. आत गिअर नसतातच, दोन शंकूंच्या पुल्या आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा. तेल तिचं तिचंच लागतं, साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर पट्टा घसरून पुल्या ओरखडतात. म्हणून त्या बाईंकडे तेल बदलल्याचं बिल आहे का आणि त्यावर कोणतं तेल लिहिलंय ते विचारा. चालवताना सायरनसारखा बारीक आवाज आला किंवा निघताना अंग शहारल्यासारखं झालं तर सोडून द्या.

रविवारी सकाळी सात वाजता जाऊ, मी स्कॅनर घेऊन येतो. बाईंना आजच फोन करून सांगा की आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर आधी हात ठेवून बघणार आहे.

सुरसागर_काठ · १२ जुलै, सकाळी ७.०५

सांगितलं. त्या म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळपासून किल्ली तुमच्याकडेच ठेवा.